मादी मारण्याची मुभा

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, 'थँक्सगिव्हिंग'च्या सणाआधीच्या शनिवारी, बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा परवाना खिशात बाळगणारी लक्षावधी माणसे, भडक नारिंगी डगले चढवून, उजाडण्यापूर्वीच रानोमाळ आपापल्या जागा धरून बसलेली असतात. त्यांचे सावज म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण. भयाची चाहूल लागताच शेपूट उभारून, तिचा शुभ्र तळ दाखवीत पसार होणारा हा प्राणी कमालीचा सावध खरा. परंतु नोव्हेंबरात नर माजावर येतो आणि त्याची सावधगिरी ढळते. कोवळ्या झाडांच्या बुंध्यांवर शिंगे घासून तो साली सोलून काढतो, लोंबत्या फांदीखालची माती खुरांनी उकरून तीत मूत्राचा गंध सोडतो. आणि मुरब्बी शिकारी या खुणा हेरून, वारा आपल्याकडून सावजाकडे वाहणार नाही अशा बेताने मचाण बांधतो.

भारतातील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा असेच मानण्याची सवय जडलेल्या आपल्या मनाला हा सरकारमान्य सोहळा चमत्कारिक वाटेल. मात्र त्यामागचा इतिहास त्याहूनही चमत्कारिक आहे. एकोणिसाव्या शतकात मांस व कातडे यांच्या बेबंद व्यापाराने ही हरणे इतकी घटली, की १९०० च्या सुमारास देशभरात ती जेमतेम काही लाख उरली. पुढे हंगामाचे निर्बंध आले, रानातले मांस विकण्यास बंदी झाली, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराची रक्कम राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळविली. हरणांच्या पुनरुज्जीवनाचा खर्च असा मुख्यत्वे शिकाऱ्यांच्याच खिशातून निघाला. आज हरणांची संख्या तीन कोटींच्या घरात मानली जाते.

पण वाढीला लगाम कोणी घालावा? पुनरुज्जीवनाच्या त्या काळात लांडगे जवळजवळ नामशेष झालेले, तोडलेल्या अरण्यात कोवळा पाला मुबलक, आणि एका मादीला वर्षाला बहुधा दोन पाडसे! ज्येष्ठ वनशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड विस्कॉन्सिनच्या रानांतून हिंडले, तेव्हा मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या हरणाचे तोंड जेथवर पोचेल तेथवर सिडारची झाडे पर्णहीन झालेली, आणि हिवाळ्यात दाटीने जमलेले कळप उपासमारीने मरत असलेले त्यांना दिसले. तरुणपणी वनाधिकारी असताना लांडगे मारण्याचा पुरस्कार करणाऱ्या या गृहस्थांनी आता मादीही मारावी असा आग्रह धरला. तोवर केवळ शिंगाळा नर मारणे हाच शिष्टाचार होता. १९४३ साली मादीची मुभा मिळाली, त्या हंगामात लाखाहून अधिक हरणे पडली, आणि तो हंगाम म्हणजे 'गुन्हा' होय, असा गिल्ला होऊन लिओपोल्ड यांच्यावर कडवट टीका झाली. त्यांचे म्हणणे बरोबर होते, असे माझे मत आहे; मात्र पाडसाच्या आईवर नेम धरण्यास बिचकणाऱ्या मनाला मूर्ख ठरविण्याची माझी तयारी नाही.

आता मादीची शिकार ही रूढ बाब झाली आहे. नवी चिंता आहे ती हरणांच्या मेंदूला पोखरणाऱ्या असाध्य रोगाची, जो विस्कॉन्सिनात २००२ साली आढळला. म्हणून रोगग्रस्त मुलखातले अनेक शिकारी मारलेल्या हरणाचे मुंडके तपासणीसाठी खात्याच्या स्वाधीन करतात, आणि अहवाल येईपर्यंत मांस शीतपेटीत तसेच ठेवून देतात.