खाडीचा गाळ काय काय सांगतो

हवामान खातं स्थापन झालं १८७५ मध्ये, आणि मुंबई बंदरातली भरती-ओहोटीची मोजणी आहे १८७८ पासूनची. त्याआधीचा रायगडचा समुद्र कुठवर होता, पावसाळ्यात त्यात गोडं पाणी किती उतरत होतं, याची उत्तरं गाळात शोधावी लागतात. धरमतर, रेवदंडा, बाणकोट अशा खाड्यांत आणि त्यांच्या तोंडाशी हा गाळ थरावर थर साचत आला आहे.

अशा गाळात फोरॅमिनिफेरा या एकपेशीय सागरी जीवांची कवचं असतात. बहुतेक कवचं मिलिमीटरहून लहान आणि चुन्याची. जीव वाढतो तसा कवचाला एकेक कप्पा जोडत जातो. तो मेला की कवच तळाशी राहतं. काही जाती खाडीच्या मचूळ पाण्यात टिकतात, काहींना खुला समुद्रच लागतो. त्यामुळे कोणत्या थरात कोणती जात सापडते, यावरून तिथलं तेव्हाचं पाणी कळतं. कवचातल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण तापमान आणि खारटपणाचा अंदाज देतं, तर कार्बनच्या मोजणीतून थराचं वय ठरतं. संशोधक तळात नळी रोवून गाळाचा उभा स्तंभ काढतात, बारीक चाळणीवर तो धुतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने एकेक कवच वेचतात.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले राजीव निगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारवारजवळ, काळी नदीच्या मुखासमोर हेच केलं. रोटॅलिडियम अॅनेक्टेन्स या जातीच्या पहिल्या कप्प्याचा सरासरी आकार नदीच्या पाण्याबरोबर बदलतो, हे त्यांनी दाखवलं. त्यावरून १९९५ मध्ये त्यांनी दुष्काळांचं सुमारे ७७ वर्षांचं चक्र मांडलं. त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रपातळीचा इतिहासही प्रसिद्ध झाला: सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी पाणी आजच्यापेक्षा १०० मीटर खाली होतं आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीच्या आसपास पोचलं. म्हणजे आज अलिबागच्या पश्चिमेला जिथे मचवे मासेमारी करतात, त्यातला बराच भाग एकेकाळी कोरडी जमीन होता.

रायगडच्या नद्याही सह्याद्रीतूनच उतरतात, त्याच मोसमी पावसावर वाहतात. ७७ वर्षांचं चक्र तपासायचं, तर दीडशे वर्षांच्या यंत्रनोंदींत त्याचे जेमतेम दोन फेरे मिळतात. बाकीचे फेरे गाळातच शोधावे लागतील. पण बंदरं आणि जलमार्गांसाठी खाड्या उपसल्या की थरांचा क्रम मोडतो, आणि मोडलेला क्रम पुन्हा लावता येत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या उपशाआधी तिथल्या गाळाचे स्तंभ काढून जतन करणं सक्तीचं व्हायला हवं. प्रकल्पाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि किनाऱ्याचं पुढचं नियोजन याच माहितीवर उभं राहणार आहे.