उसवलेली लोकर

तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरचं कापसाचं गाव. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. इथे लोकरीचं काय काम, असं बाहेरच्याला वाटेल. पण पौषातल्या पहाटे ओलीत करायला शेतात जाणाऱ्याला विचारा. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. म्हणून आमच्या आजीच्या पेटीत लोकर असायचीच, आणि घरात कुणाला सातवा महिना लागला की तिचा बाळंतविडा सुरू व्हायचा: टोपडं, मोजे, समोरून उघडणारं स्वेटर.

काठाला 12 नंबरची सुई, अंगाला 10 नंबरची. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. 10 म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, 12 म्हणजे पावणेतीन. बारीक सुईने काठ घट्ट बसतो. तान्ह्या बाळासाठी ती जाळीची वीण कधीच घालत नसे, कारण इवलीशी बोटं भोकांत अडकतात. गुंडी तोंडात जाऊ नये म्हणून नाड्या, त्याही आखूड. ही सगळी शहाणीव कुठे लिहिलेली नव्हती. ती तिच्या हातात होती.

तिची खरी कला मात्र मला उसवण्यात दिसली. मागावरच्या कापडात उभे-आडवे वेगळे धागे असतात. कात्री लागली की ते गेलं. सुयांवरचं विणकाम म्हणजे एकाच धाग्याचे एकमेकांत ओवलेले फास. शेवटचं टोक सापडलं की सगळं स्वेटर सरसर परत धागा होतं. आजी तो पाटाभोवती गुंडाळून लडी करायची, कोमट पाण्यात भिजवायची, खाली वजन बांधून सावलीत टांगायची. कुरळेपण गेलं की गुंडा तयार. थोरल्याचं स्वेटर असं धाकट्याचं व्हायचं, आणि नव्या लोकरीचा पट्टा मध्ये घालून पुढे तिसऱ्याचं.

हाताने केलेल्या भेटीचं मोल आमच्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. गांधीजींचं सेवाग्राम इथलंच. 1947 साली राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात गांधीजींनी पाठवलेला आहेरही स्वतः कातलेल्या सुताच्या लेसचा होता. मधोमध अक्षरं होती ‘जय हिंद’. राजघराण्याने तो जपून ठेवला. आमच्या घरातला आहेर मात्र कधी जपून ठेवण्यासाठी नव्हता. तो वापरून झिजावा, उसवून पुन्हा विणला जावा, अशीच आजीची इच्छा असे, आणि मला ती जास्त जवळची वाटते.

यंदा भाचीला दिवस गेलेत. आजीने माझ्यासाठी विणलेलं पिवळं स्वेटर मी उसवायला घेतलं तेव्हा हात थांबला होता. कोपराजवळची लोकर विरली होती, तेवढी बाजूला काढली. उरलेल्यात टोपडं आणि मोजे होतील. परवा मोज्याच्या टाचेवर एक टाका सुटला आणि खाली चार ओळी शिडी पडली. मी धागा ओढणार, तेवढ्यात आजी आठवली: “टाका सुटला त सुटू दे, धागा ओढू नोको.” सुया मांडीवर ठेवल्या, क्रोशाची सुई घेतली, सुटलेल्या फासात घातली आणि एकेक आडवा धागा त्यातून वर काढला. चार वेळा. टाका सुईवर परत आला.