कळलावी भांडणं लावत नाही

बोरी गावात घरामागच्या कडुलिंबाखाली काही फुलत नाही, अशी तक्रार ऐकली की मी कळलावी सुचवतो. समोरचा हातच जोडतो. “नको, घरात भांडणं लागतील!”

दोष नावाचा. कळ लावणं म्हणजे दोघांत लावून देणं, म्हणून नारद कळलाव्या. या वेलीच्या नावातली कळ मात्र बाळंतवेणांची. बाई अडली की हिच्या कंदाचा लेप लावायची जुनी चाल होती. संस्कृतातही हिला गर्भनुत्, म्हणजे गर्भ ढकलणारी, असं नाव आहे. दुसरं नाव लांगली, कारण कंद नांगरासारखा वाकडा. ज्या वेलीला आपण उंबरठ्याबाहेर ठेवतो, ती तमिळनाडूचं राज्यफूल आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल आहे. तिथल्या घरांत भांडणं होत असतीलच, पण आपल्याइतकीच.

भ्यायचं तर विषाला भ्यावं. वेल सगळीच विषारी, त्यात कंद आणि बिया जास्त. विष कोल्चिसीन. रताळं समजून कंद खाल्ला तर उलट्या-जुलाब लागतात, वाचलेल्याचे आठवड्या-दोन आठवड्यांनी केस गळतात, जीवही जातो. म्हणून लेप नको, काढा तर नकोच. घरात रांगतं मूल किंवा मोकळी शेळी असेल तर वेलही नको. काही जण हिलाच बचनाग म्हणतात. खरा बचनाग हिमालयातला, त्याचं विष निराळं.

रानातली म्हणून गडद सावलीत लावाल तर नुसती पानं बघाल. ही रानाच्या कडेची, कुंपणावर चढणारी वेल. बुडाशी सावली, शेंड्याला ऊन, असं तिला लागतं. पानाच्या टोकाचाच ताणा होतो, त्यानं ती आधार धरते. फूल पिवळट हिरवं उमलतं आणि लाल होत जातं.

बोरीकडच्या काळ्या मातीत पाणी साचलं की कंद कुजतो. वाळू, मुरूम, शेणखत घालून उंचवटा करावा आणि जूनच्या तोंडावर कंद आडवा, चार बोटं खोल ठेवावा. टोकाचा कोंब मोडला की बहुधा कंद वाया गेला. हातमोजे घालायला विसरू नका.

दिवाळीनंतर वेल वाळते. मेली समजून लोक उपटतात, नाहीतर जीव धरावा म्हणून रोज पाणी घालतात आणि झोपलेला कंद सडवतात. तिथे एक काठी रोवून ठेवा, पुढच्या पावसापर्यंत पाणी बंद.