बाबा घरी येताहेत, पायऱ्या मोजल्यात का?

डॉक्टर म्हणतात, ‘उद्या डिस्चार्ज’ आणि घरात धावपळ सुरू होते. चादरी बदलल्या जातात, फळं येतात, गावी फोन होतात. पण तुम्ही करोल बागेत राहत असाल तर आधी घराच्या पायऱ्या मोजा.

इथली कितीतरी घरं अरुंद जागेवर उभी राहिलेली तीन-चार मजली आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड. जिना चिंचोळा आणि जुन्या इमारतीत लिफ्ट नाही. सर गंगाराम हॉस्पिटल घरापासून जवळ असलं, तरी शेवटच्या चाळीस पायऱ्या कुणी हिशेबात धरत नाही.

म्हणून हॉस्पिटलमधल्या फिजिओथेरपिस्टला आदल्या दिवशीच सांगा, “आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, बाबांना जिना चढायला शिकवा.” खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर साधारणपणे चढताना चांगला पाय आधी टाकतात, उतरताना दुखरा. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर चढायचं, की खुर्चीत बसवून वर न्यायचं, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. शेजाऱ्यांना विचारून प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची ठेवा.

कॅशलेस विमा असेल तर बिलाच्या कागदपत्रांबद्दल आदल्या संध्याकाळीच विचारा. नाहीतर मंजुरी येईपर्यंत दुपार उलटते आणि गाडी नेमकी बाजाराच्या गर्दीत सापडते. सोमवारी बाजार बंद असतो, त्या दिवशी डिस्चार्ज मिळाला तर नशीबच!

खोलीचं म्हणाल तर पलंग गुडघ्याच्या उंचीचा हवा, सतरंजी उचलून ठेवा, बाथरूमपर्यंत रात्री दिवा राहू द्या. भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणा. पलंग, व्हीलचेअर भाड्यानं मिळतात, थोड्या दिवसांसाठी विकत घेऊ नका.

खरी गडबड औषधांत होते. बाबांच्या जुन्या डब्यात रक्तदाबाची एक गोळी असते आणि नव्या चिठ्ठीत तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावानं. दोन्ही घेतल्या तर डोस दुप्पट! डबा हॉस्पिटलमध्ये घेऊन जा. कुठली बंद, कुठली चालू, कधीपर्यंत, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. तुम्ही ऑफिसला गेल्यावर घरी जे असेल, त्यालाही ते वाचता आलं पाहिजे.

आणि एक प्रश्न, जो आपण मुलं विचारतच नाही. बाबांना कुठे राहायचंय? सांगली भागातून गलाईच्या धंद्यासाठी दिल्लीत आलेल्या घरांत आईवडील अनेकदा फक्त उपचारापुरते इथे येतात. ते म्हणतात, “गावी सोडा.” आपण म्हणतो, “बरे व्हा, मग बघू.” तिसऱ्या मजल्यावर, खिडकीबाहेर अनोळखी भाषा ऐकत महिनाभर पडून राहणं सोपं नाही. लगेच नेता येणार नसेल तर पुढची तपासणी कधी, त्यानंतर प्रवास चालेल का, हे त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा. तारीख त्यांनाही ऐकू द्या. पलंग खिडकीशी हवा की टीव्हीसमोर, हेही त्यांनाच ठरवू द्या.

शेजारच्या आंटी तुपातले पराठे घेऊन येतीलच. प्रेमानं घ्या, पथ्य सांगा आणि स्वतः खा. बाबांना मऊ भात.

पहिल्या आठवड्यात ताप, धाप, पोटरीला सूज किंवा अचानक असंबद्ध बोलणं दिसलं तर ‘म्हातारपण आहे’ म्हणून थांबू नका. हॉस्पिटलला फोन करा, अॅम्ब्युलन्स हवी असेल तर १०२ किंवा ११२. फोनवर मजला आणि लिफ्ट नसल्याचं आधी सांगा, म्हणजे ते स्ट्रेचर उचलायच्या तयारीनं येतील.