चाकांवरचा मुलामा

आपल्या व्यापारी घरांत गाडी हे केवळ प्रवासाचे साधन नसते. लग्नकार्यात दाराशी उभी असलेली गाडी घराची पत सांगते, असे मानणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. एसयूव्हीची हौस वाढली, तशी तिच्या आरशासारख्या चमकणाऱ्या क्रोमच्या चाकांचीही वाढली. परदेशी गेलेली आपली मुलेही ही हौस सोबत घेऊन जातात. या चाकांविषयी मला उतारवयात जे शिकावे लागले, ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे दुकान पुण्याच्या रविवार पेठेत, भांड्यांचे. लहानपणी वडिलांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, भांडे हातात घेतले की बोटाने टिचकी मारून त्याचा आवाज ऐकायचा. दुसरी, ज्या वस्तूवर मुलामा आहे ती मुलाम्याची आहे, हे गिऱ्हाइकाने विचारण्याआधी आपण सांगायचे. या दोन्ही गोष्टी मला अमेरिकेत, मिशिगन राज्यात, मुलाच्या अंगणात आठवल्या.

माझा मुलगा नोकरीनिमित्त डेट्रॉइटजवळ राहतो. नातीच्या जन्मानंतर घर वाढले, म्हणून त्याने एक जुनी पण देखणी एसयूव्ही घेतली. गाडीने चार हिवाळे पाहिले होते. पण चारही चाके अशी लखलखत होती की सूनबाईंनी रंगापेक्षा चाकांवर भाळूनच होकार दिला. मार्चमध्ये मी आणि सौ. तिकडे गेलो होतो. ग्रँड रॅपिड्स येथील स्नेह्यांकडून परतताना, रात्री दहाच्या सुमारास, महामार्गावर मागचे चाक बसले. खिळा शिरला होता. मुलगा जाणता, स्टेपनी काढली, जॅक लावला. पण पाना नटावर बसेना. गाडीबरोबर आलेला तोच पाना, तोच नट; तरी तो त्यावर चढेना. बाहेर हाडे गोठवणारी थंडी, शेजारून ट्रक सुसाट जात होते, आणि गाडीत अडीच वर्षांची नात रडत होती. मदतीची गाडी येईपर्यंत पावणेदोन तास गेले.

आलेल्या कारागिराला यात नवल वाटले नाही. हे नट एकसंध नसतात, असे त्याने सांगितले. आत साध्या पोलादाचा नट आणि त्यावर चमकदार पत्र्याची पातळ टोपी चढवलेली असते. टोपीच्या आत ओल आणि मीठ शिरले की पोलाद गंजते. गंज जास्त जागा घेतो आणि टोपी फुगते. ती किंचित फुगली तरी पाना बसत नाही. त्याने किंचित मोठा पाना हातोडीने ठोकून बसवला आणि एकेक नट काढला. ‘दिसायला बरे म्हणून टोप्या घालतात,’ एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजेडात मी चाके धुवायला बसलो आणि सवयीने बोटाची टिचकी मारली. खणखणीत आवाज येईल अशी अपेक्षा होती. आला तो बद्द. दुसऱ्या चाकालाही तसाच. ज्याला मी धातू समजत होतो ते वरून प्लॅस्टिक होते. चाकाच्या मागच्या बाजूने पाहिले, तर आत करड्या ॲल्युमिनियमचे साधे चाक आणि त्याच्या तोंडावर हा चमकता मुखवटा. कडेला दोघांमधली बारीक रेघ स्पष्ट दिसत होती आणि एका ठिकाणी तिच्यातून पांढरी भुकटी डोकावत होती.

तेव्हा कळले की ‘क्रोमची चाके’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिल्या प्रकारात ॲल्युमिनियमच्या चाकावरच मुलामा देतात: आधी तांबे, मग निकेलचे थर आणि सर्वांत वर क्रोम. आपण ज्याला क्रोम म्हणतो तो थर बहुधा पाव ते अर्धा मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. म्हणजे त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ. खरे संरक्षण निकेल करते. क्रोम निळसर झाक देते आणि निकेल काळवंडू देत नाही. दुसऱ्या प्रकाराला तिकडे ‘क्रोम क्लॅड’ म्हणतात. त्यात मुलामा प्लॅस्टिकच्या आवरणावर देतात आणि ते आवरण चाकाच्या तोंडावर कायमचे चिकटवतात. आम्ही ज्या गावाहून परतत होतो, त्या ग्रँड रॅपिड्समध्येच अशी आवरणे बनवण्याचा मोठा उद्योग आहे.

क्लॅड प्रकार वाईट नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्लॅस्टिक गंजत नाही. त्यामुळे त्यावरचा मुलामा मिठाला अनेकदा चांगला टिकतो. मात्र फुटपाथच्या कडेला घासून ते तडकले, तर त्याची डागडुजी जवळजवळ अशक्यच. आवरण आणि चाक यांच्या फटीत पाणी, चिखल, बर्फ साचला तर चाकाचा तोल जातो आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरते. आपल्याकडे पितळी भांड्याची कल्हई गेली तर पुन्हा कल्हई करता येते. या आवरणाला तशी दुसरी संधी नसते. चाक बदलणे हाच बहुतेक वेळा उपाय उरतो.

सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे मीठ. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. खुद्द डेट्रॉइट शहराखाली सुमारे साडेतीनशे मीटर खोलवर मिठाची जुनी खाण आहे. साध्या मिठाबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइडची द्रावणेही वापरतात. ती हवेतील ओल ओढून घेतात आणि चाकाला चिकटून राहतात. दगडाच्या टवक्याने मुलाम्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, तरी तेथून मीठ आत शिरते. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि मुलामा खालून उचलला जातो. आपल्याला फोड दिसतो, तेव्हा आतले काम कधीच सुरू झालेले असते. टायर जेथे रिमला घट्ट बसतो, त्या कडेवर असे झाले तर हवा हळूहळू निसटते. दर आठवड्याला एकाच चाकाची हवा कमी होत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर टायर उतरवून ती कड तपासून घ्यावी.

निगा मात्र सोपी आहे. तिला पैसा लागत नाही, नेम लागतो. चाक गरम असताना धुऊ नये. थंड होऊ द्यावे. आधी नुसत्या पाण्याने वाळू आणि मीठ वाहून जाऊ द्यावे, मगच सौम्य साबण आणि मऊ स्पंज. चाकांसाठी वेगळी बादली ठेवावी, कारण तिथली कणी गाडीच्या रंगावर ओरखडे काढते. ब्रेकची तपकिरी धूळ म्हणजे लोखंडाचे बारीक कण. ते बसून राहिले की गंजतात, म्हणून हिवाळ्यात दर आठवड्याला धुवावे. मागची बाजू विसरू नये. धुतल्यावर मऊ कापडाने पूर्ण कोरडे करावे आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा मेणाचा पातळ हात द्यावा. पाण्याचा जोरदार फवारा आवरणाच्या कडेवर जवळून मारू नये. फिरत्या ब्रशांची स्वयंचलित धुलाईही शक्यतो टाळावी.

काय करू नये, हे आपल्या घरांत अधिक आवर्जून सांगावे लागते. चिंच, लिंबू, पितळ उजळायची पावडर, काथ्या, तारेची घासणी या वस्तू तांब्या-पितळेसाठी आहेत. पितळ घासले तर खालूनही पितळच निघते. क्रोम घासले तर खालून निकेल आणि पुढे ॲल्युमिनियम निघते. पुण्या-मुंबईत काही धुलाई केंद्रांत चाकांवर आम्लयुक्त द्रव मारतात. चाके क्षणात उजळतात आणि काही महिन्यांत धुरकट होतात. तेथे ‘नुसते साबणपाणी’ असे बजावून सांगावे. आपल्याकडे बर्फाचे मीठ नाही, पण कोकण किनाऱ्याची खारी हवा आहे आणि उपनगरांत बोअरचे जड पाणी आहे. हे पाणी चाकावर वाळू दिले की पांढरे डाग धरतात. पुसून कोरडे करणे हाच त्यावरचा खरा इलाज.

आणखी एक हिशेब आहे, तो आपल्या खतावणीत येत नाही. पारंपरिक क्रोम मुलाम्याच्या टाकीत षट्संयुजी क्रोमियम असते. ते श्वासावाटे आत गेल्यास कर्करोगाला कारण होते, हे सिद्ध झालेले आहे. युरोपीय संघात २०१७ पासून त्याच्या वापराला विशेष परवानगी लागते. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये शोभेच्या मुलाम्यासाठी ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला. कमी घातक त्रिसंयुजी प्रक्रिया आता उपलब्ध आहे. नवी चाके घेताना मुलामा कोणत्या प्रक्रियेचा आहे, हे विचारणे आपल्यासारख्या ग्राहकांना शोभून दिसेल. आणि असलेली चाके नीट जपून दहा वर्षे वापरली, तर नव्यांची गरजच पडत नाही.

आमच्या घरी पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मुलाने सर्व टोपीवाले नट बदलून एकसंध पोलादी नट बसवले. खर्च फारसा आला नाही. साध्या पोलादी चाकांचा एक जुना संच घेतला. त्यावर हिवाळी टायर चढवून नोव्हेंबर ते एप्रिल तीच चाके वापरायची आणि चमकती चाके धुऊन, पुसून गॅरेजमध्ये ठेवायची, असे ठरले. तिकडे अनेक जाणती कुटुंबे असेच करतात. चाके बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यायचे, हेही त्याने दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आहे.

त्या विक्रेत्यावर मुलगा रागावला होता. मी त्याला म्हटले, ‘अरे, तो खोटे बोलला नाही. क्रोमची चाके म्हणाला, ती क्रोमचीच आहेत. पण आत काय आहे ते त्याने सांगितले नाही आणि आपण विचारले नाही.’ आमच्या दुकानात आजोबांपासून चालत आलेला नियम मला त्या दिवशी नव्याने पटला. विकणाऱ्याने सांगावे, आणि तो सांगत नसेल, तर घेणाऱ्याने विचारावे.

आपल्या घरात उद्या अशी गाडी येणार असेल, तर व्यवहार पक्का करण्याआधी तीन गोष्टी जरूर करा. चाकाला टिचकी मारून आवाज ऐका. वाकून मागची बाजू आणि कडेची रेघ पाहा. आणि गाडीतला पाना काढून चारही चाकांच्या प्रत्येक नटावर एकदा बसवून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. ते दिवसाउजेडी आपल्याच दारात केलेले बरे.