दोन मुठी तुसं

भाताची तुसं मागायला गेले, तेव्हा गिरणीवाला हसला. ‘सिर्फ एक थैली?’ रायपुरात तुसं ट्रक भरून निघतात. मला दोन मुठी हव्या होत्या, जपानी चेंडूसाठी.

तेमारी म्हणजे हातचेंडू. चीनमधून जपानात कातडी चेंडू लाथेनं उडवायचा खेळ आला, ती केमारी. हातानं खेळायचा चेंडू पुढचा. एदो काळात (१६०३-१८६८) बड्या घरच्या बायका तो रेशमानं सजवू लागल्या. सुती दोरा हाताशी आल्यावर साध्या घरांतल्या आयाही मुलींसाठी करू लागल्या. रबरी चेंडू आले तशी तेमारी खेळातून उठली आणि शोकेसमध्ये जाऊन बसली. मात्सुमोतो शहरात मात्र ती आजही गटारांच्या झाकणांवर दिसते.

आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी आईनं चिंध्यांचे चेंडू पुष्कळ केलेले. त्यामुळे मला वाटलं, यात काय अवघड! वाळवलेली तुसं पातळ कागदात बांधली, वर लोकर गुंडाळली, लोकरीवर शिलाईचा दोरा. इथे कापड नसतंच. दोऱ्याचा हा थरच कापड होतो आणि सुई त्यातूनच काढायची. म्हणून दोरा एकाच दिशेनं गुंडाळायचा नाही, चेंडू सतत फिरवत राहायचा. मी कंटाळले. आत काय आहे ते कुणाला दिसतंय?

मग आखणी. इथे फूटपट्टी चालत नाही. वरच्या ध्रुवावर टोचलेल्या टाचणीपासून कागदी पट्टी चेंडूभोवती फिरवून घेराएवढी कापायची. तिची निम्मी घडी म्हणजे खालचा ध्रुव, पाव घडी म्हणजे मधला पट्टा. चौथ्या घडीला घेराचे सोळा भाग. माझा घेर २४ सेंटिमीटर, म्हणजे मधल्या पट्ट्यावर दर दीड सेंटिमीटरला टाचणी. ठिपक्यांची रांगोळीच, फक्त तिला कडा नाही. या खुणांवरून ध्रुवापासून ध्रुवापर्यंत दोरे ताणले की चेंडू संत्र्यासारखा दिसतो. मग एका रेषेवर ध्रुवाजवळ टाका, पुढच्या रेषेवर पट्ट्याजवळ, असं नागमोडी फिरत गेलं की शेवंतीच्या आठ पाकळ्या उमटतात. पुढचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला चिकटून.

मी चांपा गावच्या कोसा रेशमाचा दोरा वापरला, मधासारखा. सात पाकळ्या झकास आल्या. आठवी फताडी. पट्टी बरोबर होती, टाकेही बरोबर होते.

आईनं चेंडू हातात घेतला, नक्षीकडे पाहिलंसुद्धा नाही. शहाबादी फरशीवरून सोडला. तो वळत वळत पलंगाखाली गेला.

‘गोल कुठाय हा?’

दुसऱ्या चेंडूला नुसता दोरा गुंडाळायला मी चार संध्याकाळी घेतल्या. नक्षी घालण्याआधी, पांढराच, तिच्या हातात दिला. तिनं सोडला. तो सरळ उंबऱ्याला जाऊन लागला.

‘आता काढ फुलं,’ आई म्हणाली.