हुनरची तालीम : हेलसिंकी की चिकलठाणा?

कन्नडच्या आमच्या दुकानात कापड घ्यायला येणारे बंधू विचारतात, "चाचा, मुलाला फिनलंडला पाठवू का?" राजधानी हेलसिंकी व शेजारच्या एस्पो, व्हांता या शहरांत मिळून मेट्रोपोलिया हे हुनर शिकवणारे विद्यापीठ आहे. पदवी साडेतीन-चार वर्षांची. त्यात प्रत्यक्ष नोकरीच्या जागी काम करणे सक्तीचे. तालीम उत्तमच. मात्र इंग्रजीतून शिकणाऱ्या युरोपबाहेरच्या मुलांना २०१७ पासून फी लागते, घरभाडे वेगळे. डिसेंबरात तर दिवस जेमतेम सहा तासांचा!

दुकान गहाण टाकण्याआधी संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतली इंडो-जर्मन टूल रूम पाहून यावी. तिथे दहावीनंतर साचे बनवण्याचा डिप्लोमा होतो, यंत्रावर हात बसतो. आमचा थोरला बी.ए. होऊन आमच्याच गल्ल्यावर बसला आहे. धाकट्याला घेऊन आम्ही चिकलठाण्याला जाणार आहोत.